तुम्ही हात लावल्यापासूनच बंद पडतोय!

थांबा, आधी हे ऐका. या अंकासाठी मी दुसराच लेख लिहून ठेवला होता. विचित्र गिऱ्हाइकं, गमतीजमती, लिहिताना माझं मलाच हसू येत होतं. तो राहू दे. आज दुपारी जे झालंय ते आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं हँग होईल, आणि रूमवर कोणीच नाहीये. म्हणून तुम्हाला सांगतेय. पटापट टाइप करतेय, चुका झाल्या तर संपादकताई बघून घेतील.

मी वैष्णवी. मूळची वाशीमची, पुण्यात येऊन पाच वर्षं झाली. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गर्दीत एक अरुंद जिना आहे. तो चढून वर आलं की आमचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान. दुकान शिरीषदादांचं, हात माझे. वर येणारं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "रिपेअरवाले कुठे गेलेत?" मी म्हणते, "इथेच आहेत. बोला."

आमचं काम बाहेरून वाटतं तसं नसतं. पूर्ण मेलेला कॉम्प्युटर सोपा असतो. काय मेलंय ते शोधायचं, बदलायचं, झालं. डोकं खातो तो मधूनच बंद पडणारा. दुखरा दात दवाखान्याच्या पायरीवर गप्प होतो ना, अगदी तसं. घरी दिवसातून तीनदा बंद पडणारं मशीन आमच्या टेबलावर आलं की संध्याकाळपर्यंत शहाण्या मुलासारखं चालतं. मग एकेक पार्ट काढायचा, दुसरा लावायचा आणि बंद पडायची वाट बघत बसायचं. शिरीषदादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर बरं कशानं झालं ते देवालाही कळणार नाही."

आणि कारणं काय काय निघतात! एका काकूंनी सीपीयूला धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं कव्हर विणलं होतं. चारी बाजूंनी बंद, खाली झालर. मशीन तापून दर वीस मिनिटांनी बंद. म्हटलं, काकू, याला श्वास घेता येत नाहीये. तर म्हणाल्या, "अगं पण किती उठून दिसतं!" एका क्लासवाल्या सरांचा कॉम्प्युटर फक्त बीजगणिताला बंद पडायचा. भूमितीला कधीच नाही! मी दोन दिवस येड्यासारखी त्यात लॉजिक शोधत होते. शेवटी कळलं की बीजगणित रंगात आलं की सरांचा पाय हलायला लागतो आणि टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणावर बसतो.

पण सगळ्या गिऱ्हाइकांचं एक वाक्य कॉमन असतं. "तुम्ही हात लावल्यापासूनच बंद पडतोय." शप्पथ सांगते, आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतेच. आम्ही नुसता माउस बदलून दिलेला असतो आणि तीन महिन्यांनी फोन येतो. शिरीषदादा फोन ठेवला की म्हणतात, "बरं झालं, गीझर बंद पडला तो आपल्यावर नाही ढकलला." आणि आम्ही हसतो. मीही हसायचे.

आता मराठे सर.

सर सदाशिव पेठेत राहतात. भूगोल शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी ते रिक्षातून सीपीयू घेऊन आले, जिना चढून वर आले, मशीन टेबलावर ठेवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा गुरगुरतो."

मी लावून बघितला. फॅन खरंच घरघरत होता. बाकी एकदम मस्त चालत होता. हे नीट लक्षात ठेवा, मशीन आलं तेव्हा चालत होतं.

"फॅन बदलावा लागेल सर. आवाजाचा एवढा त्रास होतो का?"

"मला नाही होत. माइकला होतो. माझ्यापेक्षा त्याचाच आवाज जास्त येतो."

मग कळलं. सर अंध मुलींच्या एका वसतिगृहासाठी भूगोलाचे पाठ रेकॉर्ड करत होते. पुस्तक वाचून दाखवत नव्हते हां. नकाशा डोळ्यांनी दिसत नसेल तर तो कसा समजवायचा, याची त्यांची स्वतःची पद्धत होती. कुठे लिहिलेली नाही, सगळी डोक्यात. निम्मे पाठ झाले होते, चौदा राहिले होते.

"घाई नाही ना सर? दसऱ्यानंतर देते."

"दे. पण दुसऱ्या दिवशी नक्की दे. त्यानंतर सोळा दिवसांनी माझं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणारेत." हे त्यांनी रिझर्व्हेशन कन्फर्म झालंय अशा आवाजात सांगितलं. "डॉक्टरांनी दिवसाला चाळीस मिनिटं बोलायची परवानगी दिलीये. एक पाठ चाळीस मिनिटांचा होतो. बाकी दिवसभर पाटी." आणि त्यांनी शबनममधून लहान मुलांची पाटी काढून दाखवली.

सोळा दिवस, चौदा पाठ. म्हणजे हातात फक्त दोन दिवस जादा. मला वाटलं, फॅनचं तर काम आहे, त्यात काय.

तो फॅन नीट बसवायला मी मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढला. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर सगळे पार्ट बसतात ती मोठी पाटी. त्याच्यावर वीज यायची जागा असते, चोवीस भोकांचं एक सॉकेट. एसएमपीएस नावाच्या डब्यातून जाडजूड वायरींचा जुडगा येतो आणि त्याचं टोक या सॉकेटमध्ये टक् करून बसतं. एसएमपीएस हे कॉम्प्युटरचं पोट समजा. भिंतीतली वीज पचवून ज्याला जेवढी हवी तेवढी देतं. तर हा जुडगा मी काढून ठेवलेला, सॉकेटची चोवीस भोकं आ वासून उघडी, आणि बोर्ड टेबलावर. मध्ये आली खंडेनवमी.

दुकानात आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, मीटर, सगळं मांडायचं. शिरीषदादांची पूजा म्हणजे एक फूल आणि हात जोडून "चला, चहा सांगा." माझ्या बाबांचं वाशीमला सायकलचं दुकान आहे. आमच्याकडे खंडेनवमीला पान्यापासून पंपापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठ मूठ भरून. बाबा म्हणतात, हत्यारावर कंजुषी करायची नाही. त्या वर्षी दादा म्हणाले, "तू कर पूजा." मला इतका आनंद झाला! मी हत्यारांवर अक्षता टाकल्या, टेबलावर टाकल्या, आणि रिपेअरला आलेल्या सगळ्या मशीनवर टाकल्या. तीही कुणाची तरी हत्यारंच ना. मराठे सरांच्या बोर्डवर तर जरा जास्तच टाकल्या, ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रशने सगळं झाडलं, नवा फॅन लावला, मशीन जोडलं. तो वायरींचा जुडगा बसवताना जरा जास्त जोर लागला. मी लावला. टक् आवाज आला. फॅनचा आवाज झीरो. मी स्कूटरवरून घरी नेऊन दिलं. सर खूश झाले, पाटीवर लिहिलं, "शांतता!"

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. "अगं, अर्धा तास बोलले आणि एकदम स्क्रीन काळा. फाइल उघडतच नाहीये."

मी पळत गेले. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेल्यासारखं मशीन बंद पडलं की फाइल अर्धवट राहते, ती परत मिळाली तर नशीब. ती मिळाली नाही. मला वाटलं रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, काम चालू असताना लागणारं सगळं त्याच्यावर मांडलेलं असतं. तिची पट्टी काढून सोनेरी कडा खोडरबरने घासायची, परत बसवायची. हसू नका, निम्मे कॉम्प्युटर खोडरबरनेच बरे होतात. तासभर चालवून बघितलं, नीट चालला.

"झालं सर. रॅमच होती."

सरांनी पाटीवर लिहिलं, "नक्की?"

"शंभर टक्के!"

तेव्हाच मी म्हणाले होते की मोबाइलवर का नाही करत रेकॉर्डिंग. तर काकूच म्हणाल्या, "केलं होतं गं सुरुवातीला. मध्येच लोन देणाऱ्या मुलीचा फोन आला. त्या पाठात आता सह्याद्रीही आहे आणि पर्सनल लोनही." सगळे हसलो. आणि मला फ्लाइट मोड लावून मोबाइल शेजारी ठेवून द्यायचं सुचलं नाही का? सुचलं होतं. खरंच सुचलं होतं. पाच सेकंदांचं काम. नाही केलं, कारण मी शंभर टक्के म्हणून बसले होते ना. मग बॅकअप कशाला?

दुसऱ्या दिवशी पाठ झाला. तिसऱ्या दिवशी परत काळा स्क्रीन.

या वेळी सरांनी चाळीसमधली राहिलेली मिनिटं वापरली बहुतेक, कारण तोंडाने बोलले. "तुझ्याकडे यायच्या आधी तो आवाज करायचा आणि काम करायचा. आता आवाजही करत नाही आणि कामही करत नाही."

मला इतका राग आला! म्हटलं, आलं, ते वाक्य आलं. मी म्हणाले, "सर, फॅनचा आणि याचा काही संबंध नाही." आणि मी भिंतीतल्या वायरिंगला दोष दिला. जुनी बिल्डिंग, अर्थिंग धड नाही, शेजारच्यांचा मिक्सर, वगैरे वगैरे. काकू बिचाऱ्या शेजारी जाऊन सांगून आल्या की सकाळी चटणी वाटू नका. मग मी प्रोसेसर तापू नये म्हणून लावलेली पेस्ट बदलली, तापमान बघितलं, सगळं नॉर्मल. काहीच कळेना. मशीन दुकानात घेऊन गेले. चौथा दिवस पूर्ण दुकानात. टेबलावर आडवं टाकून दिवसभर दणकून चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. एकदाही! मी शिरीषदादांना म्हटलं, वायरिंगच आहे बघा. दादा म्हणाले, "स्पेअर लॅपटॉप देऊन टाक ना त्यांना तोपर्यंत." मी म्हटलं, कशाला, हा ठीक आहे की.

हे लिहिताना मला माझ्याच दोन कानाखाली द्याव्याशा वाटतायत.

पाचव्या दिवशी मी सीपीयू घेऊन गेले, दुसऱ्या खोलीतून वीज घेतली, आणि तिथेच बसून राहिले. म्हटलं, माझ्यासमोर चालू दे. पिशवीत एक नवा एसएमपीएस ठेवला होता, असावा म्हणून. सरांनी पाटीवर लिहिलं, "हलायचं नाही. खुर्ची वाजते." मी खुर्चीवर पुतळा.

सरांनी माइक ओढला आणि डोळे मिटले. ते डोळे मिटून शिकवायचे, हे मला माहीत नव्हतं.

"मुलींनो, डावा हात टेबलावर आडवा ठेवा. पंजा पालथा, बोटं उजवीकडे. हा आपला महाराष्ट्र. मनगटाच्या मागे समुद्र. जिथे बांगडी असते ती कोकणपट्टी. मनगटाचं हाड लागलं? तो सह्याद्री. आता अंगठा तुमच्याकडे वळलाय, तिकडे कोल्हापूर. आणि बोटांची टोकं दूर तिकडे, गडचिरोली, गोंदिया."

मी गुपचूप हात मांडीवर ठेवला. आमचं वाशीम मधल्या बोटाच्या मुळाशी आलं. इतकी वर्षं शाळेत नकाशे भरले मी, रंगवले, पण आपलं गाव कुठे आहे हे मला तेव्हा, त्या खुर्चीवर कळलं.

"आता मनगटाच्या हाडावर थेंबभर पाणी सोडा. समुद्र मागेच आहे, अगदी जवळ. पण पाणी तिकडे जात नाही. ते बोटांच्या खाचांमधून लांब लांब पूर्वेला जातं. गोदावरीला समुद्र जवळ होता, तरी तिने पाठ फिरवली. का?"

आणि स्क्रीन काळा झाला. सव्वीस मिनिटं झाली होती, मी मोजत होते.

सरांचे डोळे मिटलेले. फॅन आधीच शांत, त्यामुळे मशीन बंद पडल्याचा आवाजही नाही. सर बोलतच राहिले. घसा खरवडत होता, मध्ये थांबून पाणी प्यायले, परत बोलले. का पाठ फिरवली, उतार कसा, खाली दख्खनचं पठार कसं कललंय. आणि मी त्यांना थांबवू शकले नाही. कसं थांबवायचं? काय म्हणायचं? पर्समध्ये माझा मोबाइल होता. तो काढून निदान पुढचं तरी रेकॉर्ड करावं हे मला सुचलं तेव्हा सर "पुढच्या पाठात भेटू" म्हणून थांबले होते.

डोळे उघडले. स्क्रीन बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि मशीन उघडलं. रॅम नाही, तापणं नाही, वायरिंग नाही, आता एकच राहिलं होतं, एसएमपीएस. जुना काढायला तो चोवीस पिनांचा जुडगा ओढला. घट्ट होता. जोर लावून उपटला आणि माझ्या तळहातावर काहीतरी टपकन पडलं.

तांदळाची कणी. गुलाबी. कुंकवाची.

मीच टाकलेली अक्षता! एका भोकात कणी, त्याच्यावर मी जोर लावून बसवलेला जुडगा. म्हणजे वर टक् वाजलं तरी एक कोपरा केसभर उचललेला. आमच्या टेबलावर मशीन आडवं असतं, त्यामुळे जुडगा आपल्या जागी पडून राहतो. सरांच्या घरी ते उभं. वायरींचं वजन खाली ओढणार, मशीन तापलं की पकड आणखी सुटणार, एखाद्या पिनेला वीज कमी पडणार, बंद. उभं करून टेस्ट करायला हवं होतं. पाच वर्षं हे काम करतेय मी!

मागून सरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय पडलं?"

मी मूठ मिटली. "काही नाही सर. कचरा."

आणि मग मी नवा एसएमपीएस लावला. एका वेळी एकच गोष्ट, हा नियम मला माहीत होता. जुनाच परत जोडून बघायला हवा होता, कणीशिवाय चालतो का ते. पण अजून एक पाठ पणाला लावायचा? ते मी करूच शकत नव्हते. म्हणजे कणीही गेली आणि एसएमपीएसही बदलला. मशीन त्या दिवसापासून एकदाही बंद पडलं नाही. दहा वर्षं जुना एसएमपीएस कधीही मरू शकतो, त्यामुळे तोही असू शकत होता. असू शकत होता ना? काकूंनी विचारलं, "काय होतं गं शेवटी?" मी म्हणाले, "एसएमपीएस." अर्धं खरं, असं मी स्वतःला सांगितलं. जुना डबा दुकानात फळीवर ठेवला आणि वर कागदी टेपवर लिहिलं, "मराठे सर. डाउटफुल."

चार दिवस गेले, जादा दोनच होते. नद्यांचा पाठ सरांनी दुसऱ्या दिवशी परत केला. शेवटचे दोन पाठ राहिले ते राहिलेच. ऑपरेशन झालं, नीट झालं. नंतर सरांनी ते दोन पाठ टाइप करून दिले, आता ते कॉम्प्युटरच्या आवाजात वाचले जातात. काकू एकदा मंडईत भेटल्या तेव्हा सांगत होत्या, "मुली म्हणतात, सव्वीसपर्यंत सर बोलतात आणि सत्तावीसपासून स्टेशनवरची बाई." काकू हसत होत्या. मी हातातली मेथी निवडल्यासारखं केलं.

आता आजचं.

सकाळी शिरीषदादांना एक बोर्ड टेस्ट करायला एसएमपीएस हवा होता. त्यांनी फळीवरचा तोच काढला. मी कामात होते, लक्षच नव्हतं. दुपारी ते म्हणाले, "अगं, हा तर ठणठणीत आहे. सकाळपासून फुल लोडवर चालवतोय, काटा हलला नाही. डाउटफुल कशाला लिहिलंस?"

मी दादांना सगळं सांगितलं. कणीचं पण. दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. दादांनी मीटर बंद केला. मग म्हणाले, "टेबलावर चालला म्हणून तिथे चालत होता असं थोडीच आहे? आता काय उकरून काढतेस? त्यांना सांगून त्यांचा आवाज येणारे का परत?"

ते बरोबर आहे. आणि तरी बरोबर नाही. मी म्हटलं, जेवायला जाते, आणि चालत सदाशिव पेठेत गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. "सर, थोडी टेक्निकल माहिती द्यायची होती..." काय टेक्निकल माहिती, कप्पाळ!

दार काकूंनी उघडलं. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते, गळ्याला पांढरा मऊ कपडा. तेच मशीन, शांत. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली आणि सगळं उलटसुलट सांगितलं. आधी एसएमपीएस, मग खंडेनवमी, मग बाबांचं दुकान, मग कणी, मग मूठ. म्हणाले, "सर, तुमचे दोन पाठ माझ्यामुळे गेले. म्हणजे बहुतेक. म्हणजे नव्वद टक्के. मला अजूनही नक्की माहीत नाही, पण मी खोटं बोलले ते तरी नक्की."

सरांनी कीबोर्ड ओढला. एका बोटाने टाइप करतात ते, अक्षरं ही एवढी मोठी ठेवलीयेत. मी वाट बघत राहिले. एकेक अक्षर येत होतं.

"कणी गुलाबी होती. मूठ मिटायच्या आधी दिसली."

"मग सर... तुम्ही तेव्हाच का नाही बोललात मला?"

परत एक बोट. टक. टक. टक. आतून काकूंनी विचारलं, "चहा टाकू ना गं?" मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

स्क्रीनवर आलं, "रोज चाळीस मिनिटं होती. त्यातली तुला ओरडायला कुठून आणू?"

मी तिथे उभी. रडू की काय करू. सरांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग पण नव्हता, मला तो चेहरा वाचताच आला नाही. हे त्यांनी मला माफ केलं का? की पेठेतल्या पद्धतीने एका ओळीत असं झापलं की जन्मभर पुरावं? चहा प्यायले, किती साखर होती तेही कळलं नाही. निघताना सरांनी परत टाइप केलं, "प्रिंटर बघून जा. कागद अडकतो." मी प्रिंटर उघडला, आत अडकलेला कागदाचा तुकडा ओढून काढला, तोही दोनदा फाटला. सर मागे उभे राहून बघत होते. एकदाही मान वळवली नाही.

आणि आता रूमवर बसून मी हे टाइप करतेय, आणि अजूनही कळत नाहीये की सांगून मी बरं केलं की फक्त माझं ओझं त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

तुमच्या हातून असं कधी झालंय का हो? तुम्ही बिघडवलंत, तुम्ही लपवलंत, आणि समोरच्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तो काहीच बोलला नाही? मग तुम्ही त्याच्याकडे परत कोणत्या तोंडाने गेलात? गेलात का? खरं खरं सांगा, कारण सोमवारी सरांनी मला स्कॅनर बघायला बोलावलंय.